तिसऱ्या रॉडचा बोल्ट

अण्णांच्या घरी वरची जागा भाड्यानं बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मटण-मासे करणार का हेही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "खाली इंजिन उघडं आसलं तर वरनं गॅलरी झाडायची नाय. जमतंय?"

मी म्हटलं, जमेल.

"धूळ डोळ्याला दिसत नाय, बेअरिंगला दिसती. गाव कुठलं?"

"सांगली."

"म्हंजे पुण्याचीच की," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढं मी त्या घरात राहिले तितकी वर्षं अण्णांसाठी 'पुण्याची बाई'च राहिले. महाराष्ट्रातून आलेलं प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबी पुण्याचं असे.

म्हैसूरच्या पश्चिमेला बोगादीत ते घर होतं. आजूबाजूच्या घरांत पुढच्या खोलीत सोफा आणि टीव्ही असायचा. अण्णांच्या पुढच्या खोलीत लोखंडी घोडीवर एक इंजिन टांगलेलं असायचं. ते हेब्बाळच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झालेले. लोकांच्या गाड्यांना जास्तीची ताकद देणारी इंजिनं बांधणं हा त्यांचा आधीपासूनचा नाद होता, निवृत्तीनंतर तेच काम झालं. घराणं जुन्या म्हैसूर संस्थानच्या मराठा घोडदळातलं. "आमचे पणजोबा घोड्यास्नी नाल मारायचे," ते सांगत. "हॉर्सपॉवर आमच्या घरातच हाय. बाहेरनं आणाय लागली नाय."

मूलबाळ नव्हतं. घरात अण्णा आणि त्यांची बायको, एवढीच माणसं. त्यांना मी मावशी म्हणत असे. इंजिन उघडं असलं की अण्णा फाटकाला लाल फडकं बांधत. फडकं दिसलं की दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून जाई, मावशी पीठ चाळायला मागच्या अंगणात जात, आणि मी कंपनीच्या बसमधून उतरून चपला हातात घेऊन मागच्या जिन्यानं वर चढे. एकदा नगरपालिकेचा माणूस पाण्याचं मीटर बघायला फडक्याकडे दुर्लक्ष करून आत आला. अण्णांनी त्याला काही बोलून न दाखवता पिस्टनवर धुतलेलं पंच्याचं कापड घातलं आणि तो जाईपर्यंत त्यावर दोन्ही हात धरून उभे राहिले. नंतर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

त्यांच्या कामातलं मला कळलं ते असं. टर्बो म्हणजे एक लहानशी पवनचक्की. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ती फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. जास्ती हवा म्हणजे जास्ती पेट्रोल, म्हणजे जास्ती ताकद. पण गाडी मुळात केलेली असते ती साध्या ताकदीसाठी. आतले पिस्टन ओतीव, त्यांना खालून धरणारे दांडे, म्हणजे रॉड, बेताचे. ताकद दुप्पट केली की ते फुटतात. म्हणून आधी आतलं सगळं बदलायचं. ओतलेल्याच्या जागी ठोकून घडवलेलं घालायचं. त्यातलं कोणतं घालायचं, कोणतं परत पाठवायचं, यात अण्णांचा जीव रमे.

नवे रॉड आले की ते एकेक रॉड दोऱ्याला टांगत, लाकडी दांड्यानं हलकेच टोला देत आणि आत कुठं चीर आहे का ते कान लावून ऐकत. सोनाराचा काटा आणून पिस्टन तोलत. चारांतला एक जरासा जड निघाला की त्याला "जावई" म्हणत आणि कानशीनं त्याचा माज उतरवत. कुणी पोरगा येऊन म्हणाला, "अण्णा, किती हॉर्सपॉवर निघतील?" की ते तोंड वाकडं करत. "पॉवर कोण बी काढतंय रे. पंप फुगवल्यागत हाय ते. टिकवायचं कुणी?"

आणि सगळ्यांत जास्त वेळ ते घालवत ते बोल्टांवर. बोटाएवढे बोल्ट. एका रॉडला दोन.

"एवढ्याशा बोल्टाचं काय एवढं?" मी एकदा विचारलं होतं.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "पिस्टन खाली ढकलतंय ना, तवा रॉडला नुसता रट्टा बसतो. रट्टा खाणं सोपं गं. पण वर जाऊन एकदम खाली वळतंय, तवा पिस्टन म्हणतंय मी वरच जातो, आन् रॉड म्हणतंय ये खाली. ती ओढ सगळी ह्या बोल्टावर. सेकंदात शंभरदा. हे तुटलं तर रॉड इंजिनाचं पोट फाडून भाईर येतंय. तेल चाकाखाली. मग गाडी कुठं जाईल, आतला माणूस कुठं जाईल, देवालाच गोत्तु, त्यालाच ठावं."

अशा वेगवान गाड्यांची इंजिनं बांधणारा हा माणूस स्वतः जुन्या स्कूटरवर रस्त्याच्या कडेनं सायकलवाल्याच्या मागून जाई. रिंग रोड आला की उतरून स्कूटर ढकलत पलीकडे नेई. आपण बांधलेल्या इंजिनाच्या गाडीत ते आयुष्यात कधी बसले नाहीत. "अय्यो बेडा, नगं," म्हणत, "मला भीती वाटती."

ज्यांच्या गाडीसाठी अण्णांनी सगळ्यांत जास्त इंजिनं बांधली, ते गृहस्थ कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. तिथं त्यांचा कॉफीचा मळा होता आणि ते घाटातल्या शर्यतींत गाडी चालवत. अण्णांकडे येऊन येऊन मराठी बोलायला शिकले होते. मी त्यांना कॉफीवाले म्हणे. चाळिशीचे, भलेथोरले, पण अण्णांसमोर शाळकरी मुलासारखे उभे राहत. अण्णा त्यांना "तम्मा" म्हणत, म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. शर्यतीच्या दिवशी अण्णा सकाळपासून स्वयंपाकघरात मावशींच्या शेजारी पाटावर बसून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत. पुढच्या खोलीत पाऊल टाकत नसत. कॉफीवाल्यांचा फोन आला की जिंकले का, कितवे आले, काही विचारत नसत. "उतरलास गाडीतनं? बरं," एवढंच म्हणून फोन ठेवत आणि आंघोळीला जात. मावशी हसून म्हणत, "सुतक फिटलं बघ."

हे सगळं फिरलं कधीपासून, ते मला नीट सांगता येणार नाही. मावशींनाही येत नव्हतं. आधी शब्द हरवू लागले. पान्याला "ते, ते फिरवायचं" म्हणायला लागले. मग स्कूटर दुकानासमोर ठेवून चालत घरी आले, आणि चोरीला गेली म्हणून पोलिसांत निघाले. आम्ही हसलो. वय झालं, म्हटलं.

एका रविवारी दुपारी ते जिना चढून वर आले. वर ते कधी येत नसत. मी दार उघडलं तर चेहरा लालबुंद.

"माझ्या इंजिनाला हात कुणी लावला?"

"अण्णा, मी तर सकाळपासून खाली आलेच नाही."

"खोटं बोलू नगं! पिवळी रेघ कुणी मारली?"

त्यांची एक रीत होती. बोल्ट मापाप्रमाणं घट्ट झाला, शेवटचा हात फिरला, की त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे अण्णांची सही. त्या घरात दुसरं कुणी त्या रंगाच्या डबीला शिवतही नसे. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठ्याला पिवळा रंग लागलेला होता, अजून ओला.

तेही माझी नजर गेली तिकडे बघायला लागले. अंगठा त्यांनी लुंगीला पुसला. मग पुन्हा बघितला. "सुम्ने विचारलं, उगंच," असं पुटपुटत उलट्या पावलांनी खाली गेले.

संध्याकाळी मावशी वर आल्या. पदराखाली चकल्यांचा डबा होता. मला वाटलं, माफी म्हणून खायला काही आणलंय. त्यांनी झाकण काढलं. आत बोल्ट होते. नवेकोरे, चकचकीत, डबा निम्म्याहून जास्त भरलेला.

"हे सगळे मेलेत," मावशी म्हणाल्या.

चांगला बोल्ट घट्ट केला की किंचित ताणतो, आणि सोडला की परत आपल्या लांबीवर येतो. पण पुन्हा पुन्हा ताणला, मापाबाहेर ताणला, की एक दिवस परत यायचा थांबतो. दिसायला तसाच असतो. मापायच्या यंत्रावर घातला की कळतं. अण्णा बोल्ट घट्ट करत, रेघ मारत, आणि चहा पिऊन आले की त्यांना ते आठवत नसे. मग रेघेवर संशय. मग उघडायचं. मग नव्यानं घट्ट करायचं. मग माप घ्यायचं, आणि बोल्ट मेला म्हणून फेकायचा. परदेशातून मागवलेले बोल्ट. मावशी ते कचऱ्यातून वेचून ठेवत होत्या. का ठेवता, असं मी विचारलं.

"डॉक्टरास्नी दाखवायला," त्या म्हणाल्या. "मला सांगता यायचं नाय. माझा नवरा इसरतो म्हटलं तर म्हणतील, सगळेच इसरतात. हे बघितलं तर कळंल."

डॉक्टरांना खरंच कळलं. तरुण बाई होत्या. डब्यातला एक बोल्ट हातात घेऊन त्यांनी बराच वेळ फिरवला आणि मग आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आम्ही तिघांनी ऐकलं, पण घरी कुणी उच्चारलं नाही. परतताना रिक्षात अण्णांनी एवढंच विचारलं, "बरं होतंय का?" मावशी म्हणाल्या, "स्वल्प स्वल्प." अण्णांनी मान हलवली आणि बाहेर बघत बसले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. सकाळी अण्णा पूर्वीचेच असायचे, फडकं बांधायचे, दूधवाल्यावर ओरडायचे. ऊन कललं की गोंधळायला लागायचे. कधी मावशींना थोरली बहीण समजून "आक्का, आईला सांगू नगं" म्हणायचे. मी मावशींना म्हटलं, काम थांबवायला हवं. खालचं इंजिन कॉफीवाल्यांचं आहे, ते त्यावर घाट चढणार आहेत.

"मला कळत नाय व्हय?" मावशी एकदम चिडल्या. "तू जा की. तू जाऊन त्यांच्या हातातला पाना काढून घे."

मी गेले नाही. त्यांनीही काढून घेतला नाही. शेवटी त्यांनी कॉफीवाल्यांना फोन करून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, मला घाई नाही, अण्णांना हवं तितके दिवस लागू देत.

आणि एक दिवस अण्णांनी स्वतःच निरोप धाडला, की इंजिन झालं, घेऊन जा. सगळ्या बोल्टांवर पिवळ्या रेघा होत्या. खालचं झाकण बसवलेलं होतं. पुढच्या खोलीची फरशी त्यांनी स्वतः पुसून घेतली होती.

कॉफीवाले छोटा टेम्पो घेऊन आले. मी सुट्टी घेतली होती. मावशींनी सगळ्यांना कॉफी दिली. आम्ही तिघंही एकमेकांची नजर चुकवत होतो. कॉफीवाल्यांनी तिथं यायच्या आधीच ठरवलं होतं, की इंजिन मुकाट्यानं न्यायचं, गोदामात ठेवायचं आणि अण्णांना म्हणायचं, फार छान चालतंय. मावशींनाही तेच बरं वाटलं होतं. कॉफीवाल्यांनी इंजिन उचलायच्या साखळीला हात घातला.

"तम्मा, थांब," अण्णा म्हणाले.

ते इंजिनाजवळ आले. झाकणावर तळहात ठेवून उभे राहिले. बोलले ते कन्नडात, आणि इतकं हळू, की मला पुढं सरकावं लागलं.

"हे असंच नेऊ नको. ह्यातला कुठला तरी बोल्ट घट्ट करताना मी तिथं नव्हतो."

"अण्णा, तुमचाच हात..."

"हात होता. मी नव्हतो." त्यांनी मान वर केली. डोळे अगदी स्वच्छ होते. "कुठला ते मला माहीत नाही. माहीत असतं तर तोच बदलला असता. दुसऱ्या कुणाकडं तरी ने, सगळं उघडून बघायला सांग. माझ्यावर विश्वास ठेवून घाटात जाऊ नको."

कॉफीवाल्यांनी साखळीवरचा हात काढला. त्या दांडग्या माणसाच्या गालावरून पाणी वाहत होतं. अण्णांनी दोन्ही हात साबणाच्या पुडीनं कोपरापर्यंत धुतले, नखं घासली, पंच्याला पुसले. हत्यारांच्या कपाटाची किल्ली मावशींना दिली. "बंद कर," म्हणाले. "आयतु. झालं." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या दिवसापासून त्यांनी एकाही हत्याराला हात लावला नाही. आजारानं त्यांच्याकडून पुष्कळ काही नेलं, पण इंजिनाचं काम नेलं नाही. ते त्यांनी स्वतः खाली ठेवलं होतं. फक्त जेवण तुटलं. पानावर बसायचे, भात चिवडायचे आणि विचारायचे, "उघडलं का त्यानं?" कुणी उघडलं, काय उघडलं, हे कधी आठवे, कधी नाही. पण प्रश्न तोच.

काही आठवड्यांनी मी कामावरून येत होते, तर कॉफीवाल्यांची गाडी दाराशी उभी. ते आणि मावशी फाटकाबाहेरच बोलत होते. इंजिन त्यांनी बेंगळूरच्या एका नावाजलेल्या मेकॅनिककडे नेलं होतं. त्यानं शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटं केलं, एकेक माप घेतलं.

"सगळं बरोबर होतं," कॉफीवाले सांगत होते. "एकूण एक बोल्ट. तो मला म्हणाला, असं काम मी पाहिलेलं नाही, ह्या माणसाला मला एकदा भेटव. अक्का, अण्णांची चूक झालीच नव्हती! चला, सांगू या त्यांना."

ते फाटकाची कडी काढायला लागले. मावशींनी कडीवर हात ठेवला.

"सांगायचं नाय."

"का? केवढा आनंद होईल त्यांना."

"होईल की. दुपारपर्यंत." मावशींचा आवाज शांत होता. "मग कपाटाची किल्ली मागतील. म्हणतील, मला काय झालंय, बरोबर तर होतं. मग मला नाय म्हणाय लागंल. त्यांनी ते सोतः सोडलंय. कुणी काढून घेतलं नाय त्यांच्याकडनं. सगळं जातंय आता एकेक. एवढं एक त्यांनी आपल्या बुद्धीनं केलंय. ते खोटं होतं म्हणून सांगू मी?"

कॉफीवाले माझ्याकडे बघायला लागले, जणू मी निकाल देणार होते. तेवढ्यात आतून अण्णांची हाक आली, "कोण तम्मा? ये की आत."

आम्ही आत गेलो. इंजिन गेल्यामुळे पुढची खोली मोठी वाटत होती. तिथं आता एक पलंग टाकला होता. अण्णा त्यावर पाय खाली सोडून बसले होते. फार वाळले होते. कॉफीवाल्यांना त्यांनी बरोबर ओळखलं, शेजारी बसवलं आणि सरळ विचारलं, "उघडलं का त्यानं?"

कॉफीवाल्यांनी मावशींकडे बघितलं.

"उघडलं बेंगळूरच्यानं," मावशी म्हणाल्या. "एक बोल्ट ढिला निघाला."

अण्णा ताठ झाले. "कुठला?"

हे आमच्यापैकी कुणी ठरवलेलं नव्हतं. पण मावशींनी आयुष्यभर स्वयंपाकघरात बसून त्या खोलीतलं बोलणं ऐकलं होतं.

"तिसऱ्या रॉडचा," त्या म्हणाल्या. "आतल्या अंगाचा. हात पोचत नाय तिथला."

अण्णांनी डोळे मिटले. छाती हळूहळू खाली गेली. कितीतरी दिवस धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं ते म्हणाले, "हां. तोच. तिसऱ्यालाच मी नव्हतो." मग डोळे उघडून कॉफीवाल्यांच्या मांडीवर हात ठेवला. "बघ, दिलं नाय ते बरं केलं का नाय?"

"बरं केलंत, अण्णा."

"तो बेंगळूरचा चांगला माणूस हाय रे. नजर हाय त्याला. दुसऱ्या कुणाला सापडला नसता तो." थोडा वेळ ते स्वतःशीच मान हलवत राहिले. "आता माझ्यामागं त्याच्याकडंच जात जा. सांग त्याला, म्हैसूरच्या अण्णानं सांगितलंय."

कॉफीवाल्यांनी खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"आशीर्वादाला एवढा येळ लागत नाय," अण्णा म्हणाले. मग मावशींकडे वळले. "अगो, वाढ की. भूक लागलीया मला."

मावशी आत गेल्या. ताटाचा आवाज आला, मग भातवाढीचा, पण ताट काही बाहेर आलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. वाढलेलं ताट ओट्यावर होतं. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. मला बघून त्यांनी तो काढला.

"त्यांच्या कामाला खोट लावली मी," त्या म्हणाल्या. "मी."

मग त्यांनी डोळे पुसले, भातावर तूप सोडलं, आणि ताट घेऊन बाहेर गेल्या.